पावणेनऊ इंच

“या हातात एका शहराचं नशीब आहे,” लेस्टर क्रुपा म्हणाला आणि टेबलावर पसरलेल्या त्या हाताखाली त्याने मोजपट्टी सरकवली. पट्टी उलटी होती. ती सुलटी करेपर्यंत वाक्यातला दम निघून गेला, म्हणून त्याने ते पुन्हा म्हटलं नाही.

हात केलेब ऑस्टरहाउटचा होता. वय बावीस, उंची सहा फूट तीन इंच, आणि चेहरा इतका थंड की समोर लग्न चाललंय की मारामारी, हे त्याच्याकडे बघून कळू नये. आयोवातल्या टिपेट कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा तो क्वार्टरबॅक. म्हणजे दर खेळीला तो लांबट चेंडू ज्याच्या हातात येतो, चार-पाच दांडगे अंगावर धावून येत असताना तो कुणाकडे फेकायचा हे ज्याला दोन-अडीच सेकंदांत ठरवावं लागतं, आणि सामना हरला की अख्खं गाव ज्याचं नाव घेऊन शिव्या देतं, तो. नुकतेच त्याने बाहेर बोचऱ्या थंडीत ऐंशी चेंडू फेकून दाखवले होते, आणि आता व्यायामशाळेत तो डावा हात खांद्यापर्यंत बर्फाच्या टबात बुडवून बसला होता. मोकळा होता तो उजवा. तो त्याने पुढे केला.

“सर, हाच चालेल ना?”

“हाच,” लेस्टर मान वर न करता म्हणाला. सत्तावीस वर्षं तो पोरांचे हात मोजत आला होता. पोरगं उजवा पसरायचं, तो अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत मोजायचा. यात विचार करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

पावणेनऊ इंच भरले. त्याने पुन्हा मोजलं. पावणेनऊ. करंगळी जरा ताणायला सांगून तिसऱ्यांदा मोजलं, तेव्हा करंगळीतून कट्ट असा आवाज आला, पण पट्टीवर फरक पडला नाही.

“कमी आहे का, सर?”

“हात हा हात असतो,” लेस्टर म्हणाला. डॉक्टर नातेवाइकांना सांगतात तशा आवाजात त्याने ते सांगितलं.

कमीच होता. लेस्टर ज्या क्लबसाठी पोरं हेरणारा पारखी होता तो पोर्ट हॅलमचा हेरन्स क्लब मोठ्या सरोवराच्या काठावर खेळायचा. नोव्हेंबरात पाण्यावरून वारा सुटला की ओला चेंडू साबणाच्या वडीसारखा निसटतो, म्हणून नऊ इंचांच्या आतल्या हाताला तिथे कुणी उभं करत नसे. आणि दुसरा कुठला क्लब केलेबला बघायला आलाच नव्हता. टिपेट कॉलेजकडे कुणी येत नाही. तिथे जायचा रस्ता मक्याच्या शेतांतून जातो आणि बहुतेकांचा धीर मक्यातच सुटतो. लेस्टर मात्र त्या हंगामात चौथ्यांदा आला होता. जायचे साडेपाचशे मैल, यायचे साडेपाचशे. या पोराइतका चांगला क्वार्टरबॅक त्याने आयुष्यात एकदाच पाहिला होता, आणि त्या एकाबद्दल तो घरातही बोलत नसे.

चौथा अहवाल आणि हाताचा आकडा तिथूनच क्लबच्या संगणकावर चढवून तो निघाला. परतीच्या वाटेवर दोनशे मैल झाल्यावर तो पेट्रोलसाठी थांबला. गल्ल्यापुढे त्याच्या आधी एक ट्रकवाला उभा होता. त्या माणसाने पेन डाव्या हातात धरून पावतीवर सही केली. लेस्टर त्या हाताकडे बघत राहिला. ट्रकवाल्याने विचारलं, काय बघताय, तर लेस्टर म्हणाला, “काही नाही, मी गाढव आहे.” ट्रकवाल्याने ते मान्य केलं आणि निघून गेला.

केलेब डावखुरा होता. हे लेस्टरने स्वतःच्या चारही अहवालांत पहिल्या ओळीत लिहिलं होतं.

त्याने गाडीत बसून पोराला फोन लावला. केलेब म्हणाला की त्याला आधी वाटलं, दोन्ही मोजणार असतील. मग वाटलं, सर इतके जुने आहेत, त्यांचं काहीतरी कारण असेल. लेस्टरने कारण सांगितलं नाही. डावा हात पट्टीवर ठेव आणि फोटो पाठव, एवढंच म्हणाला. पाच मिनिटांत फोटो आला. साडेनऊ इंच, वर थोडं. फोटोच्या कोपऱ्यात प्रशिक्षकाचा अंगठाही आला होता. लेस्टरने तो मोजायचा मोह आवरला.

डावखुऱ्याचा उजवा हात मोजणारा पारखी! ही गोष्ट बाहेर पडली असती तर देशातल्या प्रत्येक मैदानावर ती पुढची दहा वर्षं लोकांनी कॉफीबरोबर चघळली असती. लेस्टरने ठरवलं, सकाळी ऑफिसात लवकर जायचं, आकडा गुपचूप बदलायचा. आणि मग क्लबच्या व्यवस्थापकाला, हॉलिसला, जाऊन सांगायचं, यंदा मी टेबलावर चढणार.

टेबलाचं असं होतं. व्यावसायिक क्लब कॉलेजची पोरं वाटून घेतात त्या निवडीच्या आधी, एप्रिलमध्ये, हेरन्सचे सगळे पारखी एका लांबलचक ओक लाकडाच्या टेबलाभोवती बसायचे. समोरच्या लोखंडी फळ्यावर कॉलेजच्या पोरांच्या नावाच्या छोट्या चुंबकी पाट्या असायच्या. क्लबचा जुना मालक लोणच्यांच्या धंद्यातला माणूस होता. खुर्चीत बसून केलेल्या स्तुतीवर त्याचा विश्वास नव्हता. ज्याला एखाद्या पोरासाठी जीव तोडून बोलायचंय त्याने बूट काढावेत, टेबलावर उभं राहावं आणि तिथून बोलावं, असा त्याने नियम केला. क्लबने पोराला घ्यायचं ठरवलं तर पाटीच्या मागे त्या पारख्याचं नाव लिहायचं. मालक मरून अकरा वर्षं झाली, पण नियम टिकला. लेस्टर सत्तावीस वर्षांत एकदाही टेबलावर चढला नव्हता. तरी त्याची बायको नोरीन दर एप्रिलला त्याच्यासाठी नव्या मोज्यांचा जोड आणायची. चढायची वेळ आलीच तर भोक नको, एवढंच तिचं म्हणणं होतं.

सकाळी तो लवकर पोचला, पण कॉफीच्या भांड्यापाशी मर्विन टेट त्याच्याही आधी उभा होता.

मर्विन म्हणजे लेस्टरच्या पोटातलं जुनं दुखणं. दोघं एकाच वर्षी क्लबात लागले. मर्विन गोलमटोल, हसरा, प्रत्येक विमानतळावर ओळखीचा माणूस भेटणारा. उजव्या हाताच्या बोटात क्लबने बक्षीस दिलेली अजिंक्यपदाची अंगठी, नळाच्या नटाएवढी जाड. कुणी बोलायला लागलं की तो ती टेबलावर हळू वाजवायचा. मुद्दाम नाही. लेस्टरला तेच जास्त खुपायचं. अंगठी मिळाली ती डॅरेल फॉन्टेनो या क्वार्टरबॅकमुळे. चौदा वर्षांपूर्वी मर्विन त्याच्यासाठी टेबलावर चढला, क्लबने त्याला घेतलं, फॉन्टेनोने पोर्ट हॅलमला अजिंक्यपद मिळवून दिलं आणि मैदानाबाहेर त्याचा ब्राँझचा पुतळा उभा राहिला. पुतळ्यावर बसणाऱ्या कबुतरांबद्दल लेस्टरला विशेष माया होती.

कारण फॉन्टेनोला आधी पाहिलं होतं ते लेस्टरने. पाहून त्याने लिहिलं होतं, ‘खांदा उत्तम. पाय म्हणजे फ्रीज.’ सभेत सगळे हसले होते. महिन्याभराने मर्विन गेला आणि अमर होऊन आला.

“ये रे म्हाताऱ्या,” मर्विन कॉफी ओतत म्हणाला, “तुझ्या त्या डावखुऱ्याचा विचार डोक्यातून जाईना. नोव्हेंबरात फेरतपासणीला गेलो होतो ना, तेव्हापासून. काल हॉलिसला सांगून टाकलं. यंदा त्याच्यासाठी मी चढणार टेबलावर.”

“तू?”

“शेवटचंच आता. जूनमध्ये निवृत्त होतोय. गुडघा नवा बसवलाय तो एकदा वाजवून बघू.”

“बघ की,” लेस्टर म्हणाला.

एका पोरासाठी एकानेच चढायचं, आणि जो आधी सांगेल त्याने, असा नियम होता. लेस्टर आपल्या खोलीत आला. संगणकावर त्याने केलेबचं पान उघडलं. हाताच्या रकान्यात पावणेनऊ होतं आणि त्याच्या बाजूला कर्सरची उभी रेघ उघडमीट करत होती, बदलतोस ना, बदलतोस ना, असं म्हणत. साडेपाचशे मैल मका तुडवत आपण जायचं, वारूळ आपण बांधायचं, आणि आत जाऊन वेटोळं घालणार कोण, तर हा नागोबा. तोही अंगठी घातलेला. लेस्टर कॉफी संपेपर्यंत त्या रेघेकडे बघत बसला. मग त्याने पान मिटलं.

खोटं तर काही लिहिलेलं नव्हतं. पावणेनऊ इंचांचा हात केलेबकडे खरोखरच होता.

पुढचे तीन आठवडे लेस्टर रोज उद्या आकडा बदलणार होता. दरम्यान मर्विनची एकेक गोष्ट त्याला नव्याने दिसायला लागली. मर्विनच्या गाडीला नेहमी सावलीतली जागा मिळते. मर्विनला उपाहारगृहातली बाई ॲपल-पायचा मोठा, जास्त भरलेला तुकडा देते. मर्विनचं टक्कलसुद्धा व्यवस्थित गोल पडलंय, आपल्यासारखं बेटाबेटांनी नाही. रात्री नोरीनने विचारलं, झालंय काय तुला, तर तो म्हणाला, ॲसिडिटी. तिने गोळी दिली. ती त्याने घेतलीही.

केलेबचा एकदा फोन आला.

“सर, तो फोटो मिळाला होता ना?”

“मिळाला.”

“बरा आलाय?”

“छान आलाय.”

पोराने आभार मानले. मग म्हणाला की त्याच्या मामाचा धान्याच्या कोठारांचा धंदा आहे, तो मे महिन्यापासून ये म्हणतोय. दुसऱ्या कुठल्या क्लबाचा काही फोन नाही. मामाला निवडीपर्यंत थांबायला सांगितलंय. “थांबू ना, सर?”

लेस्टरने फोन या कानाचा त्या कानाला लावला.

“थांब,” तो म्हणाला.

सभेच्या दिवशी बाहेर ऊन होतं आणि आत डोनटचे तीन खोके होते. क्लबचा व्यवस्थापक हॉलिस ग्रँबी फळ्यापाशी उभा राहिला. अडतीस वर्षांचा, हळू आवाजाचा माणूस. स्वतः कधी चेंडू फेकला नसल्यामुळे त्याला कुठल्याच क्वार्टरबॅकचा राग नव्हता. आकडा सांगेल ते करायचं, एवढाच त्याचा धर्म. जुन्या लाकडी खुर्च्या काढून ऑफिसातल्या फिरत्या, चाकांच्या खुर्च्या त्यानेच आणल्या होत्या.

केलेबची पाळी जेवणाच्या थोडी आधी आली.

“ऑस्टरहाउट, टिपेट कॉलेज,” हॉलिसने वाचलं. “नजर चांगली, खांदा चांगला, डोकं फार चांगलं. हात पावणेनऊ.” त्याने कागद खाली ठेवला. “मला हा पोरगा आवडला होता. पण पावणेनऊ हा आपल्या मैदानावरचा हात नाही. कुणाला काही म्हणायचंय?”

मर्विन बूट काढायला लागला. एक फिरती खुर्ची टेबलाजवळ ओढली गेली, दोघांनी दोन बाजूंनी ती धरली, आणि नवा गुडघा, जुना गुडघा आणि बरंचसं पोट असा ऐवज कण्हत-कुंथत वर चढला. लेस्टर जागचा उठला नाही. मर्विनच्या डाव्या मोज्यातून अंगठा बाहेर डोकावत होता. लेस्टरच्या पायांत नोरीनने आणलेले नवे निळे मोजे होते. टेबलाखाली त्याचे बूट केव्हा निघाले, हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं.

“हात लहान आहे,” मर्विन वरून म्हणाला. “मान्य. त्यावर मला बोलायचं नाही. पोराबद्दलही फारसं बोलायचं नाही.”

“मग वर कशाला चढलास, बाबा?” हॉलिसने विचारलं.

“लेस्टरबद्दल बोलायला.”

लेस्टरने हातातला डोनट कागदावर ठेवला.

“तुम्ही लोक ह्याचे अहवाल वाचता,” मर्विन म्हणाला. “मी नाही वाचत. काय असतं त्यात? खांदा बरा, पाय बरे. लग्नाची पत्रिका याहून चुरचुरीत असते. मी फक्त तळाचा रकाना बघतो. किती वेळा गेला. फॉन्टेनोच्या वेळी ह्याने लिहिलं, पाय म्हणजे फ्रीज. तुम्ही हसलात, मीही हसलो. पण खाली लिहिलं होतं, भेटी दोन. आता मला सांगा, फ्रीज बघायला माणूस दुसऱ्यांदा कशाला जाईल? म्हणून मी गेलो. अंगठी मला मिळाली, पण फॉन्टेनोचा वास आधी ह्याला लागला होता. ह्याच्या हातालाच कळलं नाही काय लिहायचं ते.”

 कुणाच्या तरी खुर्चीचं चाक किरकिरलं.

“ह्या पोराकडे हा चार वेळा गेलाय. हिवाळ्यात. नोरीन सांगते, तिच्या बहिणीकडे वर्षातून एकदा जायचं म्हटलं तरी ह्याचं डोकं दुखतं, आणि ती तर चाळीस मैलांवर राहते. मी पोरावर उभा नाही, हॉलिस. मी ह्या माणसाच्या मैलांवर उभा आहे. बास.”

लेस्टर खाली बघत होता. चौदा वर्षं ज्या माणसाचं वाईट व्हावं म्हणून त्याने कबुतरांवर भिस्त ठेवली होती, तो माणूस भर सभेत, फाटक्या मोज्यांत, त्याचं कौतुक करत होता. एवढं मोठं मनसुद्धा ह्यालाच असावं, याचा लेस्टरला सगळ्यांत जास्त राग आला.

“छान बोललास,” हॉलिस हळू आवाजात म्हणाला. “पण मैल चेंडू धरत नाहीत, मर्विन.”

त्याने फळ्यावरच्या पाटीखाली नख घातलं. टक् असा आवाज होऊन पाटी सुटली. फळ्याखाली बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा होता; नको असलेली पोरं त्यात जायची. हॉलिसने झाकण उघडलं. लेस्टरला डब्यातल्या पाट्या दिसल्या, एकमेकींना पाठी चिकटवून पडलेल्या. वर मर्विन उभा होता आणि वरून डब्याकडे बघताना पहिल्यांदाच त्याचा चेहरा म्हाताऱ्यासारखा दिसत होता.

लेस्टरने खिशातून फोन काढला, त्यात काहीतरी शोधलं आणि तो टेबलावरून हॉलिसकडे सरकवला. फोन मर्विनच्या पायांमधून गेला.

“हा कोणाचा हात?” हॉलिसने विचारलं.

“ऑस्टरहाउटचा. डावा. साडेनऊ आहे, वर थोडा.”

“मग पावणेनऊ?”

“उजवा,” लेस्टर म्हणाला. “उजव्याने तो फक्त हात मिळवतो.”

कुणीतरी हसायला सुरुवात केली आणि अर्ध्यावर थांबलं. हॉलिसने फोटोवर बोट ठेवून तो मोठा केला. मग बोट वर सरकवलं, तारीख होती तिथे.

“हा फोटो तीन आठवड्यांपूर्वीचा आहे.”

“हो.”

“तीन आठवडे तुझ्याकडे होता?”

“खिशात होता,” लेस्टर म्हणाला.

 का ठेवला होता, याचं उत्तर टेबलावर उभं होतं. मर्विनने एकदा फोनकडे पाहिलं, एकदा आपल्या अंगठीकडे, आणि मग लेस्टरकडे पाहत राहिला. तळाचा रकाना वाचावा तसं. लेस्टरनेही या वेळी मान खाली घातली नाही. त्याचे कान लाल झाले होते आणि नव्या मोज्यांतली बोटं आवळली गेली होती.

हॉलिसने डब्याचं झाकण लावलं. पाटी फळ्यावर परत नेली, पण चिकटवायच्या आधी उलटी केली आणि पेनाचं टोपण दातांनी काढलं.

“घेतोय आपण ह्याला,” तो म्हणाला. “मागे नाव कोणाचं लिहू?”

सात माणसं डोनटच्या खोक्यांकडे बघायला लागली.  पेन पाटीवर अधांतरी थांबलं होतं.

मर्विनने एक लांब श्वास सोडला, गुडघ्यावर हात टेकला आणि कडेला आला.

“नावाचं नंतर बघा,” तो म्हणाला. “लेस्टर, आधी ती खुर्ची धर जरा. चाकं आहेत तिला.”